निवडणुकीला आव्हान, पगाराचं काय?

• निवडणूक याचिकेची मुदत: उमेदवार निवडून आल्यापासून ४५ दिवस, उच्च न्यायालयात. नुसत्या याचिकेने खासदाराचं वेतन थांबत नाही.

• निवड रद्दचा आदेश सुनावताच लागू. त्याआधी सभागृहात केलेलं कामकाज मात्र वैध (लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १०७).

• गाजलेला खटला: १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची रायबरेलीतली निवड रद्द केली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांची सशर्त स्थगिती. लोकसभेच्या हजेरीपटावर सही चालेल. खासदार म्हणून मतदान नाही, मानधनही नाही. पंतप्रधान म्हणून सभागृहात बोलायची मुभा आणि पगार, दोन्ही कायम.

• अपात्र असल्याचं ठाऊक असून संसदेत बसल्यास दंड दिवसाला ५०० रुपये (राज्यघटना, कलम १०४). रक्कम १९५० पासून तीच!