मुंबईत दोन दिवस : राहावे कोठे, जेवावे कोठे

मंडळी, सुगी आटोपली, हातात चार पैसे आले, की माणसाला वाटते, एकदा मुंबई बघून यावी. पोरांना राणीची बाग दाखवावी. गेट वे ऑफ इंडियाजवळ उभे राहून समुद्र पाहावा. वाटणे बरोबरच आहे. पण लगेच दुसरा विचार येतो. तिथे उतरायचे कोठे? जेवायचे कोठे?

पूर्वी गावचा कोणी ना कोणी गिरणीत असायचा. त्याच्या खोलीवर पथारी टाकली, की झाले. आता त्या गिरण्या बंद पडल्या. भाऊबंद विरार-बदलापूरकडे लांब राहायला गेले. त्यांच्याही घरी जागा थोडी. तेव्हा पैसे देऊनच राहावे लागते. पैसे द्यायला हरकत नाही. फसायला हरकत आहे.

मी जन्मभर शाळेत मुले शिकविली. तरी मुंबईत एकदा फसलो. ती गोष्ट आधी सांगतो.

माझी फजिती

रात्रीच्या गाडीने निघालो आणि सकाळी ७ वाजता मुंबईत उतरलो. स्टेशनाबाहेर एक माणूस पुढे आला. "काका, खोली पाहिजे ना? चला, स्वस्तात देतो." त्याने पिशवी हातात घेतली. मी मागे चाललो. लॉजचा मॅनेजर म्हणाला, "आठशे रुपये." मी बरे म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता निघालो, तर बिल सोळाशेचे! मी म्हटले, "अहो, मी एकच रात्र राहिलो." त्याने भिंतीकडे बोट केले. पाटीवर लिहिले होते, 'चेक आउट दुपारी १२'. म्हणजे खोली सोडायची वेळ दुपारी १२. मॅनेजर म्हणाला, "काल बारा वाजता तुमचा पहिला दिवस संपला. तिथून दुसरा लागला."

खरे सांगू का? ती पाटी मी आल्याबरोबर वाचली होती. तिचा अर्थ विचारावा, असे मनातही आले होते. पण वाटले, आपण मास्तर माणूस. एवढे साधे विचारले, तर हा आपल्याला अडाणी म्हणेल. म्हणून गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचे आठशे रुपये पडले. त्या पैशांत घरी साडी न्यायची होती. ती राहिली.

तेव्हापासून मी शिकलो. पाटी वाचायची, आणि वाचून विचारायचे. दोन्ही करायचे.

हॉटेल आणि लॉज

आपल्याकडे हॉटेल म्हटले, की चहा-भजी आठवते. शहरात काही पाट्यांवर 'हॉटेल' लिहिलेले असते, पण आत राहायच्या खोल्या असतात. काही ठिकाणी नुसते जेवण असते. म्हणून शब्द नीट ओळखावेत.

'लॉजिंग' म्हणजे राहणे. 'बोर्डिंग' म्हणजे जेवण. 'लॉजिंग बोर्डिंग' म्हणजे दोन्ही. 'उपाहारगृह' म्हणजे चहा-फराळाची जागा. 'खानावळ' म्हणजे घरच्यासारखे पोटभर जेवण. 'डॉरमिटरी' म्हणजे एका मोठ्या खोलीत ओळीने खाटा. तिथे खोलीचे भाडे नसते, फक्त एका खाटेचे द्यायचे. एकट्या माणसाला ते परवडते.

हे लॉज काही आजचे नाहीत. क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह असेच उतरण्याचे ठिकाण होते. लोकमान्य टिळक मुंबईत आले, की तिथे उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला, तोही तिथेच.

खोली कशी शोधावी

पहिली गोष्ट, स्टेशनाच्या तोंडाशी जो पिशवी धरतो, त्याच्या मागे जाऊ नये. त्याला लॉजवाला दलाली देतो. ती आपल्याच भाड्यातून निघते. आपणच चालत दोन गल्ल्या आत जावे. तीन ठिकाणी भाव विचारावा. मग ठरवावे.

दुसरी गोष्ट, रेल्वेची सोय पाहावी. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबई सेंट्रल अशा मोठ्या स्टेशनांत प्रवाशांसाठी विश्रांतिगृहे आहेत. रेल्वेवाले त्यांना 'रिटायरिंग रूम' म्हणतात. आपल्या आरक्षण केलेल्या तिकिटावर १० आकड्यांचा पी. एन. आर. नंबर असतो. त्यावर ही खोली मिळते. जागा थोड्या असतात, म्हणून आधी नोंदवावी. गावातल्या शिकलेल्या पोराला सांगितले, तर तो मोबाइलवर नोंदवून देईल.

एकाच दिवसाचे काम असेल, रात्री परत निघायचे असेल, तर खोली कशाला? मोठ्या स्टेशनात सामान ठेवायची जागा असते. तिला 'क्लोक रूम' म्हणतात. पिशवीला कुलूप मात्र पाहिजे. तिकीट दाखवून सामान द्यावे आणि पावती जपून ठेवावी.

तिसरी गोष्ट, मोबाइलवर लॉजचे छान छान फोटो दिसतात. फोटोला भुलू नये. लॉजवर फोन करून बोलावे. ओळख ना पाळख, अशा नंबरावर आधी पैसे पाठवू नयेत.

चौथी गोष्ट, दिवस पाहून जावे. गणपतीत मुंबई भरलेली असते. ६ डिसेंबरला बाबासाहेबांना वंदन करायला लाखो माणसे दादरला चैत्यभूमीवर येतात. अशा दिवसांत नुसती मुंबई बघायला गेलात, तर खोली मिळणे कठीण.

आणखी एक. संत गाडगे महाराजांच्या नावाने दादरला धर्मशाळा आहे. ती आजारी माणसांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी आहे. लांबून टाटा इस्पितळात आलेले गरीब लोक तिथे आसरा घेतात. दवाखान्याच्या कामाला गेलात, तर तिथे जरूर चौकशी करा. पण मजेने फिरायला गेलेल्याने तिथली जागा अडवू नये.

आक्कांनी काय विचारले

गेल्या वर्षी आमच्या गावची चार माणसे मुंबईला निघाली. आक्का, त्यांचे यजमान, त्यांचा नातू आणि मी. आक्का पंचावन्न वर्षांच्या. दोन हिवाळ्यांपूर्वी रात्रीच्या वर्गात अक्षरे शिकल्या. अजून बोट ठेवून वाचतात.

दादरला एका लॉजवर गेलो. मॅनेजर भाव सांगू लागला. आक्कांनी त्याला हाताने थांबविले. भिंतीवरची पाटी त्या मोठ्याने वाचू लागल्या. "खो-ली सो-ड-ण्या-ची वे-ळ..." मागे दोन गिऱ्हाइके उभी होती. एक जण हसला. आक्कांनी मागे वळूनही पाहिले नाही. पाटी पुरी वाचली. मग म्हणाल्या,

"भाऊ, तुमचा दिवस कवापासनं कवापर्यंत धरता? आम्ही आता आठाला आलोय. उद्या आठाला गेलो, तर एकच दिवस धरणार न्हवं?"

मॅनेजर म्हणाला, "मावशी, आमच्याकडे चोवीस तास आहेत. उद्या आठपर्यंत एकच दिवस."

"मग ते कागदावर लिवून द्या. कर त्यात आला का वर लागंल? न्हाणी आत हाय का भाईर? पोराचं येगळं घेणार का?"

त्याने सगळे पावतीवर लिहून दिले. खोली दाखविली. आक्कांनी आतली कडी लावून पाहिली. नळ सोडून पाहिला. चादर उचलून पाहिली. मग पैसे दिले. मी बाजूला उभा राहून बघत होतो. एवढी वर्षे मी पोरांना वाचायला शिकविले. वाचून काय करायचे, ते मला आक्कांनी शिकविले.

आक्कांचे प्रश्न आपणही पाठ करावेत :

१. दिवस चोवीस तासांचा, की दुपारी बारापर्यंत?
२. भाड्यात कर आला, की वर लागेल?
३. संडास-न्हाणी खोलीत, की बाहेर?
४. मुलाचे किंवा जादा गादीचे वेगळे पैसे आहेत का?
५. अनामत किती? ती परत कधी मिळेल?

कराचा हिशेब सोपा आहे. रोज साडेसात हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभराला पाच रुपये जी. एस. टी. लागतो. आठशेच्या खोलीला चाळीस रुपये. एकूण आठशे चाळीस. कर लावला असेल, तर बिलावर दुकानाचा जी. एस. टी. नंबर छापलेला असतो. तो आहे का, पाहावे.

लॉजवर आधार कार्ड मागतात. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे जवळ ठेवावे. नोंदवहीत आपले नाव आपण लिहावे. तिथे अंगठा उठवायचा नाही, सही करायची!

आता जेवणाचे

मुंबईत पोट भरायला फार पैसे लागत नाहीत. जागा मात्र ओळखता आली पाहिजे.

गिरण्या होत्या, तेव्हा हजारो गडी एकटे राहत. बायकापोरे गावी. त्यांना जेवू घालणाऱ्या बायका गिरणगावात घरोघरी होत्या. त्यांच्या खानावळींवर गिरणगाव जेवत असे. पण त्यांना भांडवलासाठी सावकाराकडे जावे लागे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र केले आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बँकेचे कर्ज मिळवून दिले.

दक्षिणेकडून आलेल्या लोकांनीही मुंबईला स्वस्तात जेवू घातले. माटुंगा स्टेशनाजवळ १९४२ साली रामा नायक यांनी उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढले. केळीच्या पानावर भात, सांबार, भाजी असे साधे जेवण. आज मुंबईत कोठेही 'उडुपी' अशी पाटी दिसते. तिथे इडली, डोसा, राईस प्लेट मिळते.

वडापाव तर सर्वांना ठाऊक आहे. तो १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केला, असे सांगतात. फिरता फिरता खायला बरा. पण दोन दिवस नुसत्या वडापाववर काढू नयेत. पोट बिघडले, तर वाचलेले पैसे डॉक्टरला जातात.

चांगली जागा कशी ओळखावी? जिथे हमाल, टॅक्सीवाले आणि कचेरीतले कारकून जेवताना दिसतात, तिथे जावे. हे लोक रोज जेवतात. त्यांना भाव कळतो आणि चवही कळते. गर्दी असली, की अन्न ताजे असते. दुपारचे जेवण पोटभर करावे. रात्री हलके खावे.

बसण्यापूर्वी पाटी वाचावी. पाटीचा एक नमुना पाहा :

राईस प्लेट — ९० रु.
स्पेशल थाळी — १६० रु.
जादा चपाती — १२ रु.
ताक — २० रु.

'राईस प्लेट' म्हणजे ठरलेले ताट. त्यात जेवढे असेल तेवढेच. पुन्हा मागितले, की जादा पैसे. 'अमर्यादित थाळी' म्हणजे पोट भरेपर्यंत वाढतात. पण एका थाळीत दोघांनी जेवायचे नाही. मासळीच्या पुढे कधी कधी भाव लिहिलेला नसतो. तिथे आधी विचारावे. खाऊन झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

वाढपी म्हणतो, "पाणी बाटलीचे देऊ?" नको असेल, तर "साधे द्या" म्हणावे. त्यात लाज कसली?

बिल वाचावे

जेवण झाले, की बिल येते. ते उलटे करून त्यावर नोट ठेवू नये. वाचावे. जे खाल्ले, तेच लिहिले आहे का? बेरीज बरोबर आहे का?

काही मोठ्या ठिकाणी बिलात 'सर्व्हिस चार्ज' लावतात. म्हणजे वाढण्याचे पैसे. हा सरकारी कर नव्हे. तो सक्तीने घेता येत नाही. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तसे बजावले. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. बिलात तो दिसला, तर "हा काढा" असे शांतपणे सांगावे. भांडू नये. ऐकले नाही, तर १९१५ या नंबरावर फोन करावा. तो सरकारचा ग्राहकांसाठी नंबर आहे. वाढप्याला खुशीने दहा रुपये द्यायचे, ती गोष्ट वेगळी.

मंडळी, शहरातला प्रत्येक माणूस लबाड नसतो. आम्हाला सगळे लिहून देणारा तो मॅनेजर शहरातलाच होता. पण जो विचारत नाही, त्याला कोणी आपण होऊन सांगत नाही. पाटीवरची अक्षरे आपल्यासाठीच लिहिलेली असतात. ती हळू वाचली तरी चालतात. बोट ठेवून वाचली तरी चालतात. मागचा हसला, तर हसू द्यावा. पैसे त्याच्या खिशातून जात नाहीत, आपल्या खिशातून जातात.

परत येताना आक्कांनी हिशेब केला. ठरविल्यापेक्षा खर्च कमी झाला होता. उरलेल्या पैशांत त्यांनी नातवाला दादरच्या बाजारात दप्तर घेतले.

वाचा आणि उत्तरे द्या

१. गुरुजींना आठशे रुपये जास्त का द्यावे लागले?
२. एका लॉजची खोली सोडण्याची वेळ दुपारी १२ आहे. तुम्ही सकाळी ९ ला पोहोचलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला निघालात. किती दिवसांचे भाडे मागतील? आधी काय विचाराल?
३. वरची पाटी पाहून हिशेब करा. दोन राईस प्लेट, दोन जादा चपात्या आणि एक ताक. एकूण किती?
४. पुढच्या बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी एका खानावळीची पाटी वाचा. ती वहीत उतरवून आणा.