गाडी बंद पडली तर घोड्याचं काय?

दत्तजयंती जवळ आली की खानदेशातल्या रस्त्यांवर घोडी भरलेल्या गाड्या दिसू लागतात. शहादा तालुक्यातील सारंगखेडा हे तापीकाठचे गाव. तिथल्या एकमुखी दत्ताच्या यात्रेचा घोडेबाजार लांबलांबपर्यंत नावाजलेला आहे. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, पंजाब अशा ठिकठिकाणांहून व्यापारी जनावरे घेऊन येतात. त्यानंतर पंधरवड्याने नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. तिकडे अकलूजचा बाजार आहेच. पूर्वी घोडी मुक्काम करीत पायी चालत यायची. आता कोण एवढे चालवत आणणार? पिकअप, नाहीतर आयशर. संध्याकाळी भरली की सकाळी दारात.

बाजारात घोडा पारखताना आपला माणूस डोळ्यांत तेल घालून पाहतो. दात मोजतो, भोवरे तपासतो, पंचकल्याणी आहे का, देवमण आहे का, चाल कशी, टाप कशी पडते, सगळे पाहतो. सौदा व्हायला कधी कधी दोन दिवस लागतात. आणि घोडा घेऊन झाला की गाडी ठरते ती मात्र पाच मिनिटांत. "जाणार का? किती घेणार?" एवढेच बोलणे. टायर कधी बदलले, स्टेपनी आहे का, पाटे धड आहेत का, वाटेत गाडी बंद पडली तर पुढे काय, हे कोणी विचारत नाही. वरातीचा घोडा म्हणजे त्या घराची वर्षाची मिळकत असते. कोणी जमिनीचा तुकडा गहाण ठेवून घोडी घेतो. तेवढा ऐवज आपण कोणाच्या भरवशावर रात्रीच्या रस्त्याला लावतो, याचा विचार व्हायला हवा.

समजा, तुम्ही सारंगखेड्याहून धुळे, मालेगाव करीत नाशिककडे निघालात. रात्रीचे दोन वाजलेत, चांदवडच्या अलीकडे राहुड घाटात क्लचप्लेट गेली. गाडीत सिमेंटच्या गोण्या असत्या तर ताडपत्री ओढून सकाळपर्यंत झोपता आले असते. पण मागे दोन घोडी उभी आहेत. शेजारून ट्रक हॉर्न देत जातात, गाडी हलते, नवी घोडी बिचकून फाळक्याला लाथा घालू लागते. ड्रायव्हर मालकाला फोन करतो. मालक म्हणतो, "सकाळी मेस्त्री पाठवतो." आता पुढे?

इथे पुष्कळांची एक समजूत असते, की गाडीचा विमा आहे ना, मग झाले. ही समजूत मोडून काढणे हाच या लेखाचा हेतू आहे. गाडीचा विमा हा गाडीचा असतो. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत यंत्र किंवा वायरिंग आपोआप बिघडले तर ते नुकसान धरत नाहीत, तसे स्पष्ट लिहिलेले असते. अपघात झाला तर गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढून नेण्याचा खर्च मिळतो, पण त्यालाही मर्यादा असते. आणि नुसता थर्ड पार्टी विमा काढलेला असेल तर स्वतःच्या गाडीसाठी तेवढेही नाही. घाटात क्लचप्लेट जाणे हा अपघात नव्हे.

मग रस्त्यावरच्या मदतीची जादा सोय असते. थोडा वेगळा हप्ता भरून ती पॉलिसीला जोडता येते, किंवा नव्या गाडीबरोबर कंपनी देते. तिच्यात मेस्त्री येतो, बॅटरीला करंट देतो, चाक बदलून देतो, नाहीच जमले तर टोचन करून जवळच्या वर्कशॉपला नेतो. सोय चांगली आहे, घ्यावीच. पण तीही गाडीसाठीच आहे. क्रेनवाला आला की पहिला प्रश्न विचारतो, "गाडी खाली आहे का?" भरलेली गाडी बरेच जण उचलत नाहीत, आणि जनावरासकट तर उचलूच देऊ नये. क्रेनने पुढची चाके वर घेतली की हौदाला उतार येतो. बैल, म्हैस एखादवेळी बसून घेईल, घोडा उभाच राहायला पाहतो, पाय घसरतो आणि मागच्या फळीवर सगळा भार येतो. अशा वेळी पाय मोडला तर त्या जनावराचे पुढे काय होते ते घोडेवाल्यांना सांगायला नको.

तिसरा कागद घोड्याच्या विम्याचा. तो बहुतेक मृत्यूचा विमा असतो. राष्ट्रीय पशुधन अभियानातून घोडा, गाढव, खेचर यांचाही विमा सवलतीत निघतो. २०२४ साली केंद्राने लाभार्थ्याचा वाटा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आणला. पण जनावर वाटेत अडकले, दुसरी गाडी करावी लागली, रात्रभर कुठेतरी बांधावे लागले, हा खर्च त्यात येत नाही. शिवाय कित्येक पॉलिसींत ठराविक अंतरापलीकडच्या वाहतुकीसाठी वेगळा हप्ता भरावा लागतो. तेव्हा घोडा हलविण्याच्या आधी विमा कंपनीला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. बाजारात घेतलेल्या घोड्याचा विमा आधीच्या मालकाच्या नावावर असेल तर तो तुमचा आहे असे धरून चालू नका.

ब्रिटनमध्ये घोड्यांच्या गाडीसाठी वेगळे संरक्षण विकत मिळते. गाडी बंद पडली तर ती ओढून नेतातच, पण घोडी घरी पोचविण्याची किंवा जवळच्या तबेल्यात रात्रभर ठेवण्याचीही जबाबदारी त्यात असते. तिकडे घोडा बाळगणाऱ्यांची संख्या आणि खिसा दोन्ही मोठे. आपल्याकडे शर्यतीची घोडी मुंबईहून पुण्याला हंगामासाठी हलवतात ती खास बांधणीच्या गाड्यांतून. वरातीच्या घोड्याला ती चैन कुठली! म्हणून जे काम तिकडे पॉलिसी करते, ते आपल्याला चिठ्ठीवर आणि ओळखीवर करावे लागणार.

निघण्यापूर्वी

कायद्यात काय आहे ते आधी पाहा, कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टी गाडी अडकल्यावर कामाला येतात. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत घोडा, खेचर, गाढव यांच्यासाठी स्वतंत्र भाग आहे. घोडा प्रवासाला योग्य आहे असा पशुवैद्यकाचा दाखला हवा. प्रथमोपचाराची पेटी बरोबर हवी. साध्या मालगाडीतून न्यायचे तर तळाला न घसरणारे काहीतरी अंथरलेले पाहिजे, बाजू उंच करून घेतल्या पाहिजेत, दोन घोड्यांच्या मध्ये निदान ८ सेंटीमीटर जाडीचा बांबू आणि मागे दोन भक्कम दांडे पाहिजेत. घोड्यांची तोंडे डावीकडे, म्हणजे वाहत्या रस्त्याच्या उलट बाजूला ठेवायची. गाडी डाव्या कडेला बंद पडली की याचा उपयोग कळतो. घोड्याच्या डोळ्यासमोर शेत असते, ट्रकचे दिवे नसतात. एका गाडीत चार ते सहापेक्षा जास्त घोडी नकोत, सोबत एक माणूस हवा आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत. हा शेवटचा नियम पाळणारा ड्रायव्हर शोधून दाखवावा लागेल, ते असो. पण ३५० किलोमीटरला या हिशेबाने नुसते चालण्याचे दहा तास होतात, हे धरूनच चारा-पाणी घ्या.

मोटार वाहन नियमांत २०१६ पासून जनावरांच्या गाडीला कायमचे कप्पे आणि एका घोड्यामागे सव्वादोन चौरस मीटर जागा सांगितली आहे. म्हणजे साधारण २४ चौरस फूट. नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद हौदात दोनच घोडी बसली. तिसरे घालायला कोणी सांगू लागला तर त्याला हा हिशेब ऐकवा. दाटीवाटीत एखादे जनावर खाली बसले तर ते भर रस्त्यात उठवायचे कसे?

आता चिठ्ठी. गाडीभाडे ठरवताना साध्या कागदावर चार ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या. गाडी वाटेत नादुरुस्त झाल्यास अमुक तासांत दुसरी गाडी कोण आणील, तिचे भाडे कोण देईल, जनावर उतरवावे लागले तर चाऱ्याचा व निवाऱ्याचा खर्च कोणाकडे. गाडीचा नंबर, मालकाचा फोन, ड्रायव्हरचा फोन. सुरुवातीला गाडीवाला कुरकुर करील. "दादा, इतकी वर्षं धंदा करतोय, कधी असं झालं नाही," म्हणेल. नसेल झाले, मग सही करायला काय हरकत आहे? जो सही करायला तयारच होत नाही, त्याच्या गाडीची अवस्था त्यालाच ठाऊक असते.

त्याहून बरा उपाय म्हणजे जोडीने निघणे. एकाच तालुक्यातले तीन-चार जण बाजारात असतातच. दोन गाड्या एकामागून एक निघाल्या आणि दोन्हीत मिळून एक-दोन घोड्यांची जागा मोकळी ठेवली, तर एक बंद पडल्यावर दुसरीत निदान बुजरी घोडी हलवता येते. आणि वाटेवरच्या दोन-तीन गावांतले पिकअपवाले, सोयरे, दूधसंघाचे टेंपोवाले यांचे नंबर कागदावर लिहून ठेवा. मोबाइलची बॅटरी रात्री दोनलाच संपते.

बंद पडल्यावर

गाडी शक्य तितकी डावीकडे घ्या, इंडिकेटर चालू करा, लाल त्रिकोण पन्नास-साठ पावले मागे ठेवा. आपल्याकडे दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवतात आणि गाडी सुटली की तशाच टाकून जातात. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव त्यात जातो, एवढे तरी करू नका. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन लावा. टोलनाक्याची क्रेन आणि गस्तीची गाडी तिथून पाठवतात. फोनवर पहिल्याच वाक्यात "गाडीत घोडी आहेत" हे सांगा.

घोडा लगेच उतरवायची घाई करू नका. महामार्गावर सुटलेला घोडा म्हणजे त्याचाही जीव गेला आणि समोरून येणाऱ्याचाही. ओळखीच्या माणसाने म्होरकी धरून जवळ उभे राहावे, गवताची पेंढी समोर टाकावी, थोडे थोडे पाणी पाजावे. दिवसभरात मोठा घोडा २५ ते ४० लिटर पाणी पितो, तेव्हा एक कॅन भरून काही होत नाही. म्होरकीचे दावे थोडे सैल करा, म्हणजे त्याला मान खाली घालता येईल. तासन् तास मान वर बांधलेल्या घोड्याच्या छातीत घाण साचते आणि दोन दिवसांनी ताप, खोकला सुरू होतो. मग लोक नव्या पाण्याला दोष देतात.

डिसेंबरात खरा त्रास थंडीचा. चालत्या गाडीत, गर्दीत घोडा घामाने ओला होतो आणि गाडी थांबली की खानदेशी रात्रीचा वारा झोंबतो. घाम पुसून झूल घाला. चैत्र-वैशाखात, लग्नसराईत, उलट आहे. गाडी चालू असेपर्यंत वारा लागतो, थांबली की हौदाची भट्टी होते. अशा वेळी ताडपत्री वर उचला, अंगावर पाणी मारा, आणि तास-दोन तासांत गाडी सुटणार नसेल तर उतरवण्याची जागा शोधाच. पेट्रोल पंपाचे आवार, बाजार समिती, एखादा मळा. रस्त्याचा ताल किंवा बांध हौदाच्या उंचीला येतो अशी जागा पाहून फाळका टेकवावा. उडी मारायला लावू नये.

घोडा वारंवार कुशीकडे वळून पाहतो, पाय आपटतो, लोळायला बघतो, लीद टाकत नाही, असे दिसले तर ते पोटाचे दुखणे आहे. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे हे दुखणे थांबून पाहण्यासारखे नसते. १९६२ वर फोन करून फिरत्या पशुचिकित्सा पथकाची मागणी करा, किंवा जवळच्या दवाखान्यातून डॉक्टर आणा. मेडिकलमधून स्वतः इंजेक्शन आणून टोचू नका.

दुसरी गाडी आली तर तिच्यात आधी काय वाहिले होते ते विचारा. हौद धुऊन, पेंढा बदलून मगच घोडा चढवा. परक्या तबेल्यात बांधावे लागले तर बादली आपलीच वापरा. ग्लँडर्ससारखा रोग घोड्यापासून माणसालाही होतो. पशुवैद्यकाच्या दाखल्यावर पहिल्या गाडीचा नंबर असेल तर नाक्यावर प्रश्न निघतो, म्हणून नादुरुस्त गाडीचा फोटो, चिठ्ठी आणि बाजारातली खरेदीची पावती हाताशी ठेवा. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून गाडी बदलल्याचे कळवले तर उत्तमच. हे सगळे कागद ड्रायव्हरच्या कप्प्यात नकोत. तो गाडीबरोबर गॅरेजला जाईल आणि घोड्याबरोबर तुम्ही असाल.

राहिले भाडे. सगळे आगाऊ देऊ नका. डिझेलपुरते आधी द्यावे, बाकीचे घोडा दारात उतरवून, दहा पावले चालवून पाहिल्यावर.