उष्णता पाण्यासारखी वाहते, हे संगणकाला कसं कळलं

एका मोठ्या चंचुपात्रात भरपूर पाणी आहे आणि शेजारच्या अरुंद कुपीत थोडं. दोन्ही तळाशी नळीने जोडलेली आहेत आणि पाणी चंचुपात्राकडून कुपीकडे वाहतं आहे. आता दुसरी मांडणी पाहा. गरम कॉफी, तिच्यात बुडवलेली चांदीची कांडी आणि कांडीच्या दुसऱ्या टोकाला बर्फाचा खडा. कॉफीतली उष्णता कांडीतून बर्फाकडे जाते आहे. पाणी का वाहतं हे आपल्याला ठाऊक आहे, उष्णता का जाते हे ठाऊक नाही, असं धरू. पहिल्या मांडणीवरून दुसरीतलं कारण कसं काढायचं?

माणसाला हे झटकन सुचतं, आणि झटकन सुचणाऱ्या गोष्टीच्या पायऱ्या सांगणं फार अवघड असतं. मानसशास्त्रज्ञ डेड्रे गेंटनर यांनी १९८३ साली त्या पायऱ्यांमागचं तत्त्व मांडलं. साधर्म्य वस्तूंच्या रंगरूपात शोधू नये, वस्तूंमधल्या संबंधांत शोधावं. आणि सुट्या संबंधांपेक्षा एकमेकांत गुंतलेल्या संबंधांच्या साखळीला जास्त मोल द्यावं. अणूची सूर्यमालेशी तुलना करताना सूर्य पिवळा आणि तप्त आहे हे आपण सहज सोडून देतो. जड मध्याभोवती हलकं काहीतरी फिरतं आणि त्यामागे आकर्षण आहे, एवढंच उचलतो. हे तत्त्व खरं असेल तर ते यंत्रालाही पाळता आलं पाहिजे. ब्रायन फॉल्कनहायनर, केन फोर्बस आणि गेंटनर या तिघांनी तसा प्रोग्राम लिहिला आणि १९८९ साली त्याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. त्याचं नाव स्ट्रक्चर मॅपिंग इंजिन, थोडक्यात एसएमई. पाणी आणि कॉफी हे त्यांचंच उदाहरण.

प्रोग्रामला चित्र दिसत नाही, त्याला विधानं दिली जातात. पाण्याच्या बाजूने साधारण अशी: चंचुपात्रातला दाब कुपीतल्या दाबापेक्षा जास्त आहे, पाणी चंचुपात्रातून कुपीत नळीवाटे वाहतं, पहिली गोष्ट दुसरीचं कारण आहे. शिवाय, चंचुपात्राचा व्यास कुपीच्या व्यासापेक्षा जास्त आहे. पाणी द्रव आहे. त्याचा पृष्ठभाग सपाट आहे. उष्णतेच्या बाजूने: कॉफीचं तापमान बर्फाच्या तापमानापेक्षा जास्त आहे, उष्णता कॉफीतून बर्फात कांडीवाटे वाहते, कॉफी द्रव आहे, तिचा पृष्ठभाग सपाट आहे. कारणाचं विधान या बाजूला नाही. ते मुद्दाम वगळलेलं आहे.

पहिल्या पायरीवर एसएमई फार उदार असतो. दोन्हीकडे एकच संबंध दिसला की तो जोडी लावून टाकतो. ‘वाहणे’ची ‘वाहणे’शी जोडी लागते. ‘जास्त असणे’ची जोडी दोनदा लागते: दाबाचं जास्तपण तापमानाच्या जास्तपणाशी आणि व्यासाचं जास्तपणही त्याच तापमानाच्या जास्तपणाशी. पाणी आणि कॉफी दोन्ही द्रव असल्यामुळे त्यांचीही जोडी लागते. दाब आणि तापमान ही नावं वेगळी आहेत, तरी ती एकाच संबंधाच्या पोटात आल्यामुळे त्यांना एकमेकांसमोर उभं राहण्याची मुभा मिळते. या मुभेशिवाय प्रोग्राम इथेच अडला असता.

दुसरी पायरी कडक आहे. एका वस्तूला एकच जोडीदार. पाणी उष्णतेशी जुळलं तर कॉफीशी जुळता येत नाही. शिवाय दोन संबंध जुळले तर त्यांच्या पोटातल्या वस्तूही त्याच क्रमाने जुळायला हव्यात. प्रवाह प्रवाहाशी जुळवला की चंचुपात्र कॉफीशी, कुपी बर्फाशी, पाणी उष्णतेशी आणि नळी कांडीशी बांधली जाते, आणि ‘दोन्ही द्रव आहेत’ ही जोडी बाहेर पडते. मला हा सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. पाणी आणि कॉफी यांचं डोळ्यांना सर्वांत आधी दिसणारं साम्य कुणी हाताने खोडलेलं नाही. ते सुसंगतीच्या नियमामुळे आपोआप गळतं.

उरतो व्यासाचा प्रश्न. व्यास आणि तापमान यांची जोडी नियमात बसते, मग ती का हरते? कारण पाण्याच्या वर्णनात दाबातला फरक आणि प्रवाह ही दोन्ही विधानं एकाच कारण-संबंधाखाली आहेत. प्रोग्राम अशा एकत्र बांधलेल्या जोड्यांची मोट बांधतो. व्यासाचं विधान कशालाच बांधलेलं नाही, त्यामुळे त्याची जोडी एकटी पडते. मग गुण दिले जातात. वरच्या संबंधाला मिळालेले गुण त्याच्या पोटातल्या जोड्यांकडे झिरपतात, म्हणून खोल रचनेचं पारडं जड होतं. दाब आणि प्रवाह यांची मोट पहिली येते.

तिसरी पायरी म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर. जिंकलेल्या मोटेत पाण्याकडे एक विधान असं आहे ज्याला पलीकडे जोडीदार नाही: ‘हे त्याचं कारण आहे’. त्याच्या पोटातलं सगळं जुळलेलं आहे, फक्त तेच उरलंय. एसएमई ते पलीकडे नेऊन ठेवतो: तापमानातला फरक हे उष्णता वाहण्याचं कारण आहे.

हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. विज्ञानाच्या इतिहासात याच साधर्म्याची एक बोलकी कथा आहे. फ्रेंच अभियंता सादी कार्नो यांनी १८२४ साली वाफेच्या इंजिनातल्या उष्णतेची तुलना धबधब्याशी केली. धबधब्याची ताकद पाण्याचं प्रमाण आणि उंची यांवर ठरते, तशी इंजिनाची ताकद उष्णतेचं प्रमाण आणि तापमानातलं अंतर यांवर. या विचारातून उष्मागतिकीचा पाया घातला गेला. पण खाली पडणारं पाणी जसं कमी होत नाही, तशी इंजिनातून जाणारी उष्णताही कमी होत नाही, हेही कार्नो यांनी त्यात गृहीत धरलं होतं, आणि ते चुकीचं निघालं. एकाच साधर्म्यातून एक अनुमान टिकलं, दुसरं पडलं. म्हणून एसएमईच्या उत्तराला निष्कर्ष न मानता तपासायची सूचना मानणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

इथपर्यंत दोन्ही प्रसंग समोर होते. खऱ्या आयुष्यात जुना प्रसंग आठवावा लागतो, आणि तिथे माणूस वेगळा वागतो. गेंटनर, मेरी जो रॅटरमन आणि फोर्बस यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना आधी काही गोष्टी वाचायला दिल्या आणि काही दिवसांनी नव्या गोष्टी वाचून काय आठवतं ते विचारलं. बहुतेक करून आठवल्या त्या सारखी पात्रं असलेल्या गोष्टी. पण कोणतं साम्य अधिक पक्कं असं विचारल्यावर त्याच लोकांनी संबंधांतल्या साम्याला पसंती दिली. १९९५ च्या मॅक-फॅक या मॉडेलने हे दोन टप्प्यांत पकडलं. आधी रचनेकडे न पाहता, कोणते संबंध आणि गुणधर्म किती वेळा येतात याच्या मोजदादीवरून स्मृतीत ढोबळ चाळणी होते. मग निवडक काहींवर एसएमई चालतो. चाळणी स्वस्त असल्यामुळे योग्य गोष्ट कधी कधी तिथेच निसटते, अगदी आपल्यासारखी.

या कामावरची खरी टीका वेगळ्या जागी बोट ठेवते. डेव्हिड चाल्मर्स, रॉबर्ट फ्रेंच आणि डग्लस हॉफस्टॅडर यांनी १९९२ साली विचारलं की ती विधानं लिहिली कोणी? वर्णनात काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे वर्णन करणाऱ्याला आधीच माहीत असेल तर अर्धं काम माणसानेच केलं. हॉफस्टॅडर आणि मेलनी मिचेल यांचा कॉपीकॅट हा प्रोग्राम म्हणून वर्णन आणि जुळणी एकाच वेळी घडवतो. ‘एबीसी’चं ‘एबीडी’ झालं, तर ‘एक्सवायझेड’चं काय? झेडच्या पुढे अक्षर नाही. कॉपीकॅट कधी कधी सगळी दिशाच उलटवतो, शेवटच्या अक्षराऐवजी पहिलं मागे नेतो आणि ‘डब्ल्यूवायझेड’ म्हणतो. पण त्याचं जग इंग्रजी अक्षरांच्या ओळींपुरतंच आहे.

मला ही टीका रास्त वाटते, आणि फोर्बस यांच्या गटाने तिच्या दिशेने पावलंही टाकली. अँड्र्यू लव्हेट आणि फोर्बस यांनी रेव्हनच्या बुद्धिमत्ता-चाचणीतल्या आकृती-कोड्यांसाठी बनवलेलं मॉडेल, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेलं, आकृत्यांमधले संबंध स्वतः काढतं आणि मग एसएमईने जुळवतं. त्याचे गुण अमेरिकी प्रौढांमध्ये ७५ व्या शतमकाच्या आसपास येतात. मात्र छापील कोड्यातल्या आकृत्या सुट्या वस्तू म्हणून संगणकावर रेखाटून देण्याचं काम अजून माणसानेच केलं होतं.