रोज घालायचा किल्ट: लोकरीचा घ्यावा की सिंथेटिक?

मंडळी, स्कॉटलंड म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? बॅगपाइप, डोंगर, पाऊस आणि चौकड्यांचा घेरदार किल्ट घातलेले पुरुष. हा किल्ट आज बहुतेक जण लग्नात, पदवीदान समारंभात किंवा रग्बीच्या सामन्याला घालतात. पण काही हौशी मंडळी अशीही आहेत, जी तो रोज घालतात. ऑफिसला, बाजारात, कुत्र्याला फिरवायला नेतानासुद्धा!

आता रोज घालायचा म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो कापडाचा. महागड्या लोकरीचा घ्यायचा, की स्वस्तातला सिंथेटिक? "अस्सल किल्ट लोकरीचाच" असं एक ठरलेलं उत्तर मिळतं. पण लग्नातला शालू आणि रोजची साडी आपण एकाच मापाने निवडतो का? नाही ना? मग किल्टचंही तसंच आहे. चला, नीट समजून घेऊया.

आपली नऊवारी, त्यांची आठवारी

पारंपरिक किल्टला तब्बल आठ वार कापड लागतं. म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा फक्त एक वार कमी! प्रत्यक्षात बहुतेक वेळा दुप्पट पन्ह्याचं चार वार कापड घेतात, ते लांबीत मधोमध कापतात आणि दोन्ही पट्टे जोडून आठ वार करतात.

यातलं बरंचसं कापड जातं मागच्या निऱ्यांमध्ये. पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर असतात. निऱ्या कंबरेपासून खाली काही अंतरापर्यंत शिवलेल्या असतात आणि पुढे मोकळ्या सोडलेल्या असतात. चालताना त्या झुलल्या पाहिजेत आणि थांबल्यावर पुन्हा जागेवर बसल्या पाहिजेत. शिवाय खालची कड सहसा दुमडून शिवत नाहीत, कापडाची मूळ किनारच तिथे ठेवतात. म्हणजे किल्टचं सगळं रूप कापडाच्या अंगच्या गुणांवर अवलंबून असतं.

हे कापड वजनावर ओळखतात. एका वाराला 10-11 औंस म्हणजे हलकं, 13 औंस म्हणजे मध्यम आणि 16 औंस म्हणजे जड. एक औंस साधारण 28 ग्रॅमचा. दुप्पट पन्ह्याचं चार वार कापड धरलं, तर 13 औंसाच्या किल्टमध्ये सुमारे दीड किलो आणि 16 औंसाच्या किल्टमध्ये सुमारे 1.8 किलो कापड असतं. एवढं वजन कशाला, असं वाटेल. पण स्कॉटलंडच्या वाऱ्यात हेच वजन तुमची लाज राखतं! हलक्या कापडाचा किल्ट वाऱ्याने उडतो, जड किल्ट अंगाबरोबर राहतो.

लोकरीची जादू कशात आहे?

किल्टची लोकर म्हणजे स्वेटरची फुगीर लोकर नव्हे. यात लांब तंतू विंचरून सरळ करतात आणि मग त्यांचं घट्ट, गुळगुळीत सूत कातून कापड विणतात. त्यामुळे कापड टिकाऊ होतं आणि निरीची धार स्पष्ट उठते.

लोकरीच्या तंतूला मुळातच बारीक नागमोडी वळणं असतात. दाबला तर तो स्प्रिंगसारखा परत उसळतो. दिवसभर खुर्चीत बसून चुरगळलेला किल्ट रात्री टांगून ठेवला, की सकाळपर्यंत बऱ्याचशा सुरकुत्या आपोआप निघून जातात.

दुसरा गुण ओलाव्याचा. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओलावा शोषून घेते, तरी हाताला चटकन ओली लागत नाही. आपल्याकडचा मेंढपाळ पावसात घोंगडी का पांघरतो, याचं एक उत्तर इथे आहे. घामाचा वासही लोकरीत लवकर साठत नाही, त्यामुळे ती वारंवार धुवावी लागत नाही.

तिसरा गुण आगीचा. लोकर सहजासहजी पेट घेत नाही आणि वितळत तर नाहीच.

मग तोटे? पहिला म्हणजे किंमत. हाताने शिवलेला लोकरीचा किल्ट कित्येकशे पौंडांना जातो. दुसरा तोटा म्हणजे कसर. कपड्यांच्या पतंगाच्या अळ्या लोकर खातात. तिसरा, गरम पाण्यात घुसळली तर लोकर आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. चौथा, काही जणांना उघड्या मांड्यांवर ती टोचते. आणि एकदा पूर्ण भिजली, की वाळायला खूप वेळ घेते.

सिंथेटिक म्हणजे नेमकं काय?

इथेच अनेकांची फसगत होते. सिंथेटिक हे एकच कापड नाही.

*पॉलिएस्टर-व्हिस्कोस:* याला थोडक्यात पीव्ही म्हणतात. आपल्याकडे शाळेचे गणवेश आणि पँटपीस याच जातीच्या कापडाचे असतात, त्यामुळे ते तुमच्या ओळखीचं आहे. यात अनेकदा 65 टक्के पॉलिएस्टर आणि 35 टक्के व्हिस्कोस असतं. पॉलिएस्टर उष्णतेने मऊ होऊन थंड झाल्यावर तोच आकार धरतं, म्हणून निऱ्या उष्णतेने पक्क्या करता येतात. मशीनमध्ये धुता येतं, लवकर वाळतं, टोचत नाही आणि कसर लागत नाही.

*अॅक्रिलिक:* सर्वांत स्वस्त किल्ट बहुधा याचे असतात. दिसायला लोकरीसारखे, पण घासलं की गोळे धरतात आणि निऱ्यांची धार लवकर जाते. किल्टच्या पुढे लटकणारी स्पोरन नावाची पिशवी सतत एकाच जागी घासत असते. तिथे हे कापड लवकर जुनं दिसू लागतं.

*सुती किंवा सुती-पॉलिएस्टर:* खिसे असलेले, एकरंगी, कामाच्या पँटसारखे किल्ट याचे असतात. मजबूत असतात, पण पारंपरिक किल्टचा झोक त्यात येत नाही.

सिंथेटिकचे तोटेही आहेत. पॉलिएस्टर स्वतः ओलावा जवळजवळ शोषत नाही आणि अंगाच्या तेलकटपणाचा वास धरून ठेवतं. ठिणगी पडली तर ते वितळतं आणि कातडीला चिकटू शकतं. शिवाय प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात.

मग निवडायचं कसं? स्वतःला हे प्रश्न विचारा

*1. किल्ट किती वेळा धुवावा लागेल?* घरात लहान मुलं, स्वयंपाकघरातलं काम, चिखल, घाम असेल तर पीव्ही. ऑफिस आणि फिरणं एवढंच असेल तर लोकर.

*2. आगीजवळ काम आहे का?* वेल्डिंग, शेकोटी, उघडी शेगडी असेल तर सिंथेटिक नको.

*3. हवा कशी आहे?* थंड, वारा आणि रिमझिम असेल तर 13 औंसाची लोकर उत्तम. उकाड्यात 16 औंसाचा किल्ट नकोसा होईल.

*4. किती वर्षं घालणार?* समजा, लोकरीचा किल्ट 500 पौंडांना पडला आणि वर्षातून 100 दिवस याप्रमाणे 10 वर्षं टिकला. एका दिवसाचा खर्च झाला अर्धा पौंड. पीव्हीचा 150 पौंडांचा किल्ट तेवढ्याच वापराने 3 वर्षं टिकला, तरी खर्च तोच, अर्धा पौंड! पण लोकरीचा किल्ट वर्षातून 10 दिवसच घातला, तर एका दिवसाचे 5 पौंड झाले. म्हणजे महाग कोणता, हे दुकानातल्या चिठ्ठीवर नाही, तर तुमच्या वापरावर ठरतं. हातशिलाईचा चांगला किल्ट पोट वाढल्यावर थोडा सैल करून घेता येतो, हाही हिशोबात धरा.

विकत घेताना फसू नका

"लोकरीचा स्पर्श", "लोकरीसारखं" अशा शब्दांवर जाऊ नका. आतली पट्टी वाचा आणि कशाचं प्रमाण किती टक्के आहे ते पाहा. कापड किती औंसाचं आणि किती वार आहे, हे विचारा. कापडाचा कोपरा मुठीत दहा सेकंद दाबून सोडा. चांगली लोकर लगेच मोकळी होते. घरी उरलेला एखादा धागा चिमट्यात धरून जाळून पाहता येईल. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिएस्टर आणि अॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

काळजी कशी घ्यायची?

लोकरीचा किल्ट घालून झाला की ब्रश फिरवून हवेशीर टांगा. रोज तोच घालू नका, एक दिवस विश्रांती द्या. धुवायचाच असेल तर आधी निऱ्यांना कच्चा टाका घाला, मग थंड पाण्यात हलक्या हाताने धुवा. इस्त्री ओल्या फडक्यावरून करा. कपाटात ठेवण्याआधी स्वच्छ करा, कारण कसर डागाळलेल्या कापडावर जास्त लागते.

पीव्हीचा किल्ट उलटा करून कमी तापमानावर धुवा, कमरेकडून टांगा आणि कडक इस्त्री टाळा, नाहीतर कापडावर चकाकी येते.

थोडक्यात सांगायचं तर

आयुष्यातला पहिलाच किल्ट असेल आणि रोज घालणं जमेल का याची खात्री नसेल, तर पीव्ही घ्या. सवय लागली, की 13 औंसाच्या लोकरीवर खर्च करा. अॅक्रिलिक एखाद्या पार्टीपुरतं ठीक. आणि फक्त पदवीदानाला एकदाच घालायचा असेल, तर विकत कशाला घेता? स्कॉटलंडमध्ये किल्ट भाड्याने सहज मिळतो.

राहिला प्रश्न "अस्सल" असण्याचा. आजच्या किल्टचा पूर्वज म्हणजे कंबरेला पट्ट्याने आवळलेलं लांबलचक लोकरी कापड. हायलँडमधली माणसं ते नेसून कामं करायची आणि रात्री तेच पांघरून झोपायची. 1746 च्या कायद्याने सैनिक वगळता तिथल्या पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी झाली. ती 1782 मध्ये उठली. म्हणजे ज्याच्यासाठी एवढं सोसलं, ते मुळात रोजचं, साधं, कामाचं वस्त्र होतं. कपाटात जपून ठेवलेल्या लोकरीच्या किल्टपेक्षा रोज अंगावर असलेला पीव्हीचा किल्ट त्या परंपरेच्या जास्त जवळचा नाही का?

तुमच्या ओळखीचं कुणी एडिनबरा किंवा ग्लासगोला शिकायला निघालं असेल, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा!