मुळांची हाक, जिवाणूंची ओ



भुईमूग, हरभऱ्याचा बेवड उसाला मानवतो, हे आपल्या वाडवडिलांनाही ठाऊक होते. या पिकांच्या मुळांवरील गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतील नत्र पिकाला देतात, हेही आपण ऐकून आहोत. एका एकराच्या डोक्यावर हवेत सुमारे ३० हजार टन नत्र आहे. पण हे फुकटचे धन आपोआप पिकाच्या पदरात पडत नाही. त्यासाठी मुळाने जिवाणूला हाक मारावी लागते. ही हाक कशी असते आणि कित्येकदा आपणच ती कशी बंद पाडतो, ते पाहू.

नत्राची भूक लागली की मूळ मातीत काही खास रसायने सोडते. १९८६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी लसूणघासापासून असे एक रसायन वेगळे काढले. त्याचे नाव ल्युटिओलिन. ते पोहोचले की रायझोबियम जिवाणू 'ओ' देतो, म्हणजे उलट दुसरे रसायन सोडतो. त्याची रचना १९९० साली फ्रान्समधील तुलूझच्या शास्त्रज्ञांनी उलगडली. हे रसायन लिटरभर पाण्यात ग्रॅमचा दहा लाखावा भाग असले तरी मुळाला पुरते. मुळावरचा बारीक केस वाकतो, जिवाणूला कवेत घेतो, आत वाट देतो आणि तिथे गाठ धरते.

यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात.

पहिली, प्रत्येक पिकाची बोली निराळी. सोयाबीनची हाक हरभऱ्याच्या जिवाणूला कळत नाही. म्हणून जिवाणू संवर्धन त्याच पिकाचे मागून घ्यावे. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट गुळाच्या थंड केलेल्या पाण्यातून हलक्या हाताने चोळावे, बी सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. बुरशीनाशक लावायचे तर ते आधी, जिवाणू शेवटी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कणगी भरलेली असताना कोण उसनवारीला जातो? मातीत नत्र मुबलक झाले की पीक हाक मारायचे सोडते, गाठी कमी धरतात. गरज सरो, वैद्य मरो! उसातल्या सोयाबीनवर युरिया फेकला की पीक काळेभोर दिसते, आपणही खूश होतो. पण खाली मुळे मोकळीच. पैसे देऊन आपण फुकटचा नत्र बंद केला, असा हा व्यवहार. पेरणीवेळची थोडी मात्रा चालते. उसाचा हप्ता मात्र उसाच्या ओळीलगत मातीआड करावा, आंतरपिकावर फेकू नये.

खात्री करायची तर पेरणीनंतर ३५-४० दिवसांनी दोन-चार रोपे उपटू नका, मातीसकट खणून काढा. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती गाठ नत्र देत नाही.

आणखी एक. मिळालेल्या नत्रातला बराच भाग दाण्यांतून घरी येतो. उसाच्या वाट्याला राहतो तो पाल्यात आणि मुळांत. म्हणून काढणीनंतर काड जाळू नका, रानातच गाडा.

तेव्हा बंधूंनो, युरियाचे पोते फोडण्याआधी एकदा रोप खणून गाठ फोडून पाहा.