पाटणचा मठ, घाण्याचे तेल आणि चक्रवाल

संगणकाची गोष्ट बहुधा बॅबेजपासून नाहीतर ट्युरिंगपासून सांगतात. चाळीसगावजवळ, गौताळ्याच्या डोंगरकुशीतल्या पाटणचा शिलालेख ठाऊक असलेल्याला ती आठशे वर्षे मागे न्यावीशी वाटते. यंत्र इथे नव्हते. पण एक पायरी झाली की पुढची कोणती, हे न चुकता सांगणारी रीत होती, आणि यंत्राला तरी दुसरे काय लागते?

ती रीत मांडणाऱ्या भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ त्याचेच भाग. ‘बीजगणिता’त एक प्रश्न येतो: कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग मिळेल? एकेक संख्या तपासत बसलो तर जन्म पुरायचा नाही, कारण सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे. चक्रवाल, म्हणजे चक्राकार, रीत १ पासूनच निघते. ६१ मध्ये ३ मिळवले की ६४, म्हणजे आठाचा वर्ग. हवा होता १, लागले ३. हा तीनच पुढच्या फेरीत कामाला लावायचा, की ५ हाती येतो: ६१ गुणिले २५, वजा ४, बरोबर ३९ चा वर्ग. तिथून ब्रह्मगुप्तांची ‘भावना’ ही रीत लावली की उत्तर समोर. चक्राकार रीत भास्करांच्या आधी जयदेवांनाही माहीत होती, त्यामुळे सगळे श्रेय एकट्याला देऊ नये. तरी १६५७ मध्ये फर्माने हाच ६१ चा प्रश्न युरोपातल्या गणित्यांना आव्हान म्हणून घातला, तेव्हा आपल्याकडे त्याचे उत्तर लिहून पाचशे वर्षे झाली होती.

भास्करांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. (तापीकाठचा योगी चांगदेव वेगळा, खानदेशात हा घोटाळा हमखास होतो.) आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने पाटणला मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ मध्ये त्याला दान दिले. शिलालेखाचा संस्कृत भाग वंशावळ सांगतो. मला मात्र शेवटच्या मराठी ओळी जास्त मोलाच्या वाटतात, कारण त्यांत मठाचा खर्च कसा भागायचा ते आहे. गिऱ्हाइकामागे पाच सुपाऱ्या. जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळी-पळी तेल. गावात जे मापायचे ते मठाच्याच मापाने. म्हणजे ग्रहगणिताची शिकवणी तेल्या-वाण्यांच्या उलाढालीवर चालायची होती.

भास्करांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे ‘विज्जडविड’ असे सांगितले आहे. ते म्हणजे पाटणच, असे आपल्याकडे छातीठोकपणे सांगतात. शिलालेखाने सिद्ध होतो तो फक्त नातवाचा मठ. घटिकापात्रात मोती पडून मुहूर्त हुकलेल्या भास्करकन्या लीलावतीची कहाणीही अशीच: ती फैजीने १५८७ मध्ये केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी भाषांतरात येते, शिलालेखात तिचा मागमूस नाही. कोलब्रुकचे इंग्रजी भाषांतर १८१७ चे. भाऊ दाजी लाडांनी शिलालेखाचे वाचन प्रसिद्ध केले ते १८६५ मध्ये, म्हणजे ‘लीलावती’ इंग्रजीत पोचल्यावर जवळपास अर्ध्या शतकाने. १९७९ मध्ये सोडलेल्या भारताच्या उपग्रहाचे नाव ‘भास्कर’ होते. त्या नावात सातव्या शतकातला दुसरा एक भास्करही वाटेकरी आहे.