जुनी तबकडी आणि नवें यंत्र

पुण्यांतील पुष्कळ घरांच्या कपाटांत लग्न, मुंज किंवा एकसष्टी यांच्या चित्रणाच्या व्हिडिओ सीडी जपून ठेवलेल्या असतात. त्यांत दिसणाऱ्या माणसांपैकीं कांहीं आज हयात नसतात. त्यांचें बोलणें-चालणें तेवढ्या एका तबकडींत उरलेलें असतें. अशी तबकडी डीव्हीडी यंत्रांत घातली असतां कधीं कधीं पडदा काळाच राहतो, आणि ती खराब झाली असें समजून घरची मंडळी टाकून देतात. ही घाई बरी नव्हे.

याचें कारण बहुधा प्रकाशांत असतें. सीडी वाचणाऱ्या किरणाची लहर ७८० नॅनोमीटर लांबीची, तर डीव्हीडी वाचणाऱ्या किरणाची ६५० नॅनोमीटर लांबीची असते. कारखान्यांत छापलेली सीडी दोन्ही किरण परतविते. घरगुती समारंभाची तबकडी मात्र रंगद्रव्याच्या थरावर लिहिलेली असते, आणि तें द्रव्य आंखूड लहरीचा किरण पुरेसा परतूं देत नाहीं. म्हणून सीडीसाठीं वेगळ्या किरणाची सोय नसलेल्या जुन्या डीव्हीडी यंत्रांना ती दिसतच नाहीं. सीडी वाचणाऱ्या संगणकास ती अडचण पडत नाहीं.

तेव्हां पहिलें काम म्हणजे तबकडी संगणकांत उतरवून घेणें. तिच्यांतील 'एमपीईजीएव्ही' नांवाच्या कप्प्यांत 'डॅट' हें उपनाम असलेली मोठी फाइल सांपडते. तीच चित्रणाची फाइल होय. तिच्याभोंवतीं सीडीच्या रचनेचें एक वेष्टण असतें. तें काढून चित्र व ध्वनि वेगळे करावे लागतात. 'एफएफएमपेग' यासारख्या मोफत साधनांनीं हें साधतें.

येथें एक चूक सर्रास होते. चित्र मोठें केलें म्हणजे तें स्पष्ट होईल, अशा समजुतीनें तें नव्यानें घडविलें जातें. वस्तुतः व्हिडिओ सीडीच्या नियमांतील, सेकंदास २५ चौकटींचें, ३५२ बाय २८८ बिंदूंचें चित्र डीव्हीडीच्या नियमांतही जसेंच्या तसें बसतें. तें पुन्हा घडविल्यास मूळचा बारकावा मात्र घटतो. मुळांत जें नाहीं तें विस्तारानें येत नाहीं. बदल हवा तो ध्वनींत. व्हिडिओ सीडींत आवाजाचे सेकंदास ४४,१०० नमुने असतात, तर डीव्हीडीस ४८,००० लागतात. तेवढा फरक करून दोन्ही पुन्हा जोडावे, डीव्हीडीची मांडणी करावी आणि तबकडी लिहून बंद करावी. एका व्हिडिओ सीडींत सुमारें ७४ मिनिटांचें चित्रण मावतें. त्याच दर्जाचें सुमारें सात तासांचें चित्रण एका साध्या डीव्हीडींत राहतें.

परंतु डीव्हीडीही अमर नव्हे. ऊन व उष्णता यांनीं तिचेंही रंगद्रव्य बिघडतें. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ सालीं झाली. तेथील ज्वालाग्राही नायट्रेट फितींच्या साठ्यास २००३ च्या जानेवारींत आग लागली. जळालेल्या फितींपैकीं ज्यांची प्रत अन्यत्र होती, त्यांचेंच चित्र उरलें. घरच्या संग्रहासही हाच न्याय लागू आहे. संगणकांतील मूळ फाइल पुसूं नये. तिची एक प्रत दुसऱ्या एखाद्या आप्ताच्या घरीं असावी, आणि वर्षांतून एकदां ती लावून पाहावी.